तापलेल्या शाफ्टला वाट करून देताना

भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला आलेला सीएनसी मशीनचा जाणता ऑपरेटर आल्या आल्या जॉब लावत नाही. आधी तो स्पिंडल रिकामाच फिरवतो, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेतो आणि मशीन नीट तापले की मगच कामाला हात घालतो. थंड मशीनवर काढलेल्या पहिल्या जॉबचे माप आणि तासाभराने काढलेल्या जॉबचे माप जुळत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. स्पिंडलची बेअरिंग्ज फिरता फिरता तापतात, त्यांच्यामुळे स्पिंडल तापतो आणि तापलेले पोलाद वाढते. एक मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट दर एका अंशाला सुमारे १२ मायक्रॉनने लांब होतो. या हिशेबाने ४०० मिलिमीटरचा स्पिंडल १५ अंशांनी तापला, तर तो ७२ मायक्रॉन वाढला. ज्या कामात १० मायक्रॉनसाठी जॉब नापास होतो, तिथे ७२ हा आकडा फार मोठा आहे.

जॉबचे माप बिघडले तर ते निदान मोजून कळते. याच वाढीने बेअरिंगच्या आत काय होते, ते मात्र बाहेरून दिसत नाही. ६२०६ हे बाजारात कुठेही मिळणारे बॉल बेअरिंग घेऊ. त्याचे भोक ३० मिलिमीटरचे, बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर. आतली रिंग, बॉल आणि बाहेरची रिंग यांच्यात जो प्ले ठेवलेला असतो, ज्याला कॅटलॉगमध्ये क्लिअरन्स म्हणतात, तो नेहमीच्या प्रतीच्या बेअरिंगमध्ये अवघा ५ ते २० मायक्रॉनचा असतो. लांब शाफ्टची वाढ शेकडो मायक्रॉनमध्ये मोजायची आणि ती सामावणारी जागा दहा-वीस मायक्रॉनची. बेअरिंग कसे बसवायचे, कुठे आवळायचे, कुठे मोकळे सोडायचे, या साऱ्या विचाराचे मूळ या तफावतीत आहे.

वाढणे हा मात्र स्वतः दोष नाही. शाफ्ट, दोन्ही रिंगा, बॉल आणि हाउसिंग हे सगळे एकाच जातीच्या पोलादाचे असेल आणि सगळे एकाच वेळी सारखेच तापले, तर प्रत्येक माप एकाच प्रमाणात वाढेल, क्लिअरन्सही त्याच प्रमाणात वाढेल आणि बेअरिंगला काही झाल्याचा पत्ताही लागणार नाही. त्रास होतो तो फरकाचा. एक भाग जास्त तापला आणि शेजारचा कमी, किंवा दोन्ही सारखे तापले पण एक पोलादाचा आणि दुसरा ॲल्युमिनियमचा, की वाढ असमान होते. म्हणून डिझाइन करणाऱ्याने शाफ्ट किती तापेल एवढेच विचारून भागत नाही. कोणापेक्षा किती जास्त तापेल, हे विचारावे लागते.

चालू यंत्रात आतली रिंग सहसा बाहेरच्या रिंगपेक्षा गरम असते. बाहेरची रिंग हाउसिंगला चिकटून बसलेली, हाउसिंगला वारा लागतो, त्यामुळे तिची उष्णता निघून जाते. आतल्या रिंगला तशी सोय नाही. मोटरच्या रोटरची किंवा पंपातल्या गरम द्रवाची उष्णताही शाफ्टमधून तिच्याकडेच येते. आपल्या ६२०६ मध्ये दोन रिंगांच्या तापमानात १० अंशांचा फरक पडला, तर पाच-साडेपाच मायक्रॉन क्लिअरन्स तिथेच संपतो. शिवाय काही भाग आधीच खर्च झालेला असतो, कारण आतली रिंग शाफ्टवर टाइट बसवतात. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती निवली की लाकडाला आवळून बसते, त्याच रीतीने मोठे बेअरिंग इंडक्शन हीटरवर शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवतात. निवल्यावर रिंग शाफ्ट घट्ट धरते, पण स्वतः किंचित ताणलेली राहते. तो ताण क्लिअरन्समधूनच वजा होतो.

क्लिअरन्स संपून बॉल दोन रिंगांत चेपले जाऊ लागले की एक घातक चक्र सुरू होऊ शकते. दाब वाढला की घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता वाढते, उष्णतेने आतली रिंग आणि बॉल आणखी फुगतात आणि दाब पुन्हा वाढतो. थोडा दाब असेल, उष्णता बाहेर जायला वाट असेल, तर हे चक्र कुठेतरी स्थिरावते. नसेल तर बेअरिंग काही मिनिटांत जाम होते. नव्याने बांधलेले स्पिंडल पहिल्यांदा हळूहळू वेग वाढवत चालवून घेतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच. ग्रीस सगळीकडे सारखे पसरायच्या आत पूर्ण वेग दिला, तर उष्णता अचानक उसळते आणि हाउसिंग तापून वाढायच्या आधीच आतली बाजू फुगून बसते.

ही जाडीतली वाढ झाली. लांबीतली वाढ याहून कितीतरी ताकदवान. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट दोन्ही टोकांना जराही न हलणाऱ्या आधारांत अडकवला आणि तो त्या आधारांपेक्षा ४० अंशांनी जास्त तापला, तर तो सुमारे दोन लाख न्यूटन, म्हणजे वीस टनांच्या जोराने दोन्हीकडे रेटा देईल. त्या शाफ्टवर बसणाऱ्या ६२१० बेअरिंगची स्थिर भार सोसण्याची क्षमता जेमतेम सव्वादोन टन. प्रत्यक्षात हाउसिंग थोडे वाकते, कव्हर थोडे दबते आणि जोर पुरते वीस टन भरत नाही. पण त्याचा दहावा हिस्सा जरी उरला, तरी बेअरिंगचे आयुष्य संपवायला तो पुरतो.

या जोराशी झुंजून उपयोग नाही. हाउसिंग आणखी जाड करा, बोल्ट आणखी आवळा, की जोर उलट वाढतोच, कारण वाकून सुटायची थोडी जागाही गेली. म्हणून शाफ्टच्या बांधणीचा सगळ्यांत जुना नियम असा की एक बेअरिंग फिक्स ठेवायचे आणि दुसरे फ्री. फिक्स बाजूचे बेअरिंग शाफ्टला आणि हाउसिंगला दोन्हीकडून अडवलेले असते. शाफ्टची जागा ते ठरवते. फ्री बाजूचे बेअरिंग शाफ्टचे वजन उचलते, पण त्याला लांबीच्या दिशेने सरकू देते. रेल्वेच्या लोखंडी पुलाचे एक टोक खांबावर पक्के आणि दुसरे रोलरवर ठेवतात, त्यामागेही हाच हिशेब असतो.

कागदावर सोपा दिसणारा हा नियम प्रत्यक्षात बऱ्याचदा मोडलेला सापडतो. शाफ्ट हलतोय असे वाटले की दोन्ही बाजूंची कव्हरे गच्च आवळून टाकायची, मधला शिम काढून टाकायचा, हे उपाय वर्कशॉपमध्ये फार प्रिय आहेत. आवळल्यावर यंत्र थंड असताना छान वाटते. तासाभराने हाउसिंगला हात लावून पाहिले की चटका बसतो, आणि मग दोष ग्रीसला दिला जातो.

फ्री बाजूची कोणती रिंग सैल ठेवायची, याचे उत्तर भाराच्या दिशेवर अवलंबून असते. पट्ट्याने ओढल्या जाणाऱ्या पुलीच्या शाफ्टवर भार कायम एकाच दिशेला असतो आणि आतली रिंग फिरत राहते. ही रिंग सैल ठेवली, तर भाराखाली ती शाफ्टवर कणाकणाने सरकत फिरू लागते आणि शाफ्ट खाऊन टाकते. म्हणून ती टाइट आणि न फिरणारी बाहेरची रिंग सैल, हा सर्वसाधारण मार्ग. पण खडी क्रशरच्या व्हायब्रेटिंग स्क्रीनमध्ये मुद्दाम ठेवलेले असंतुलित वजन शाफ्टबरोबरच फिरते, त्यामुळे भारही फिरतो. तिथे नियम उलटा करावा लागतो: बाहेरची रिंग टाइट, आतली सैल. नेहमीच्या सवयीने बसवले, की स्क्रीनचे हाउसिंग झिजून मोठे होते.

सरकणारी रिंग नेहमीच सरकते असेही नाही. हाउसिंग गंजले, किंवा सूक्ष्म थरथरीने रिंगभोवती तपकिरी भुकटी साठली, की ड्रॉइंगवर फ्री असलेले टोक प्रत्यक्षात फिक्स होऊन बसते. त्यामुळे जिथे भार परवानगी देतो, तिथे सरकण्याची सोय बेअरिंगच्या पोटातच केलेली मला अधिक विश्वासाची वाटते. एनयू जातीच्या सिलिंड्रिकल रोलर बेअरिंगमध्ये आतल्या रिंगेला कडाच नसतात. रोलर फिरता फिरता तिच्यावरून आडवे सरकतात. दोन्ही रिंगा टाइट बसवता येतात आणि शाफ्टलाही वाट राहते. छोट्या विजेच्या मोटरींत याहून स्वस्त युक्ती असते: एका बाजूच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेमागे वेव्ह वॉशर, म्हणजे लाटांसारखी वाकवलेली स्प्रिंग-पट्टी. शाफ्ट वाढला की ती दबते, आखडला की फुलते आणि बॉलवर हलका दाब कायम ठेवते. काही रुपयांच्या या पट्टीवर लाखो मोटरी शांतपणे चालतात.

एनयू बेअरिंगचा दोष असा की शाफ्ट किंचितही तिरका झाला तर रोलरच्या कडांवर भार येतो. कागद कारखान्यात ही अडचण फार मोठी होते. ओला कागद वाळवायचे सिलिंडर बिडाचे, आतून वाफेने तापवलेले आणि काही मीटर रुंद. पाच मीटरचा सिलिंडर ३० अंशांवरून १५० अंशांपर्यंत गेला, तर सहा मिलिमीटरहून जास्त वाढतो. इतका लांब सिलिंडर वाकतोही, म्हणून दोन्ही बाजूंना तिरकेपणा सोसणारी स्फेरिकल रोलर बेअरिंग्ज घालायची पद्धत होती. पण त्यांना पोटातल्या पोटात सरकता येत नाही. मग ड्राइव्हच्या बाजूचे बेअरिंग फिक्स ठेवून समोरच्या बाजूचे अख्खे हाउसिंगच डोलणाऱ्या पायांवर उभे करायचे, अशी खटपट चाले. स्वीडनच्या एसकेएफ कंपनीने १९९५ मध्ये कार्ब नावाचे टोरॉइडल रोलर बेअरिंग बाजारात आणले, ते नेमके या कोंडीसाठी. त्याचे लांब, किंचित फुगीर रोलर तिरकेही होतात आणि आडवेही सरकतात. १९०७ मध्ये याच कंपनीच्या स्वेन विंगक्विस्टने आपोआप सरळ होणारे बॉल बेअरिंग बनवले होते. तिरकेपणा आणि वाढ या दोन्ही गोष्टी एकाच बेअरिंगने सोसाव्यात, इथपर्यंत यायला पुढे जवळपास नव्वद वर्षे गेली. वाफ कागद वाळवणाऱ्या या सिलिंडरच्या पोकळ टोकातून, म्हणजे बेअरिंगच्या भोकातूनच आत जाते. त्यामुळे टोकाच्या आतून उष्णतारोधक नळी घालतात, नाहीतर आतली रिंग एवढी तापते आणि ताणते की तडकते.

फिक्स आणि फ्री या विचाराचे सर्वांत भव्य रूप पाहायचे असेल, तर कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातल्या टर्बाइनकडे पाहावे. मोठ्या संचात सुमारे ५४० अंशांची वाफ शिरते आणि रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. पाच मीटर लांबीचे पोलाद सरासरी ४०० अंशांनी तापले तर साधारण २५ मिलिमीटर वाढते, म्हणजे इथली वाढ मायक्रॉनमध्ये नाही, बोटांच्या रुंदीत मोजायची. रोटरला त्याची जागा दाखवणारे थ्रस्ट बेअरिंग एकच असते; तिथून रोटर दोन्हीकडे वाढतो. बाकीची जर्नल बेअरिंग्ज साधी, व्हाइट मेटलचे अस्तर दिलेली असतात. त्यांत तेलाच्या थरावर तरंगणारा रोटर लांबीच्या दिशेने मोकळेपणी सरकतो. बाहेरचे केसिंगही एका ठिकाणी पक्के असते आणि तिथून ‘की’ म्हणजे मार्गदर्शक पट्ट्यांच्या आधाराने सरळ रेषेत घसरत वाढते.

कस लागतो तो या दोघांच्या वेळापत्रकात. रोटरचे वस्तुमान कमी आणि त्याला वाफ चारी बाजूंनी लागते, म्हणून तो लवकर तापतो. जाड भिंतींचे केसिंग मागे राहते. संच सुरू करताना रोटर केसिंगपेक्षा लांब होतो, बंद करताना लवकर निवून आखूड होतो. फिरत्या आणि स्थिर पात्यांमधले अंतर काही मिलिमीटरचेच असल्याने हा फरक मर्यादेबाहेर गेला, तर पाती एकमेकांना घासतील. म्हणूनच कंट्रोल रूममध्ये केसिंगची एकूण वाढ आणि रोटर-केसिंगमधला फरक असे दोन आकडे सतत दिसत असतात, आणि थंड संच घाईने पूर्ण भारावर नेता येत नाही. थ्रस्ट बेअरिंग कुठे बसवायचे, हे ठरवताना डिझायनर हा फरक कोणत्या टप्प्यावर कमी आणि कोणत्या टप्प्यावर जास्त पडेल, हेच ठरवत असतो. जिथे पात्यांमध्ये जागा कमी, त्याच्या जवळ थ्रस्ट बेअरिंग; वाढ दूरच्या, ऐसपैस टोकाला जमू द्यायची.

पण प्रत्येक शाफ्टला असे मोकळे टोक देता येत नाही. लेथचा स्पिंडल, मोटारीच्या क्राउन-पिनियनमधला पिनियन, यांना तसूभरही हललेले चालत नाही. तिथे टेपर रोलर किंवा अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी एकमेकीविरुद्ध आवळून बसवतात आणि मुद्दाम थोडा दाब, म्हणजे प्रीलोड ठेवतात. आता वाढीला वाट कशी द्यायची? याचे उत्तर भूमितीने दिले आहे, आणि ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत देखणे उत्तर वाटते.

टेपर बेअरिंगची जोडी दोन प्रकारे बसवता येते. रोलरच्या बारीक बाजू एकमेकींसमोर आल्या, तर तिला ओ मांडणी म्हणतात. जाड बाजू समोरासमोर आल्या, तर एक्स मांडणी. ही नावे भाराच्या रेषा काढल्यावर दिसणाऱ्या आकारांवरून पडली. एक्स मांडणीत शाफ्ट लांब झाला की आतल्या रिंगा बाहेरच्या रिंगांत अधिक रुततात, आणि शाफ्ट जाड झाला तरीही दाबच वाढतो. म्हणजे वाढीचे दोन्ही परिणाम एकाच दिशेने. ओ मांडणीत मात्र लांबीतल्या वाढीने आतल्या रिंगा एकमेकींपासून दूर जातात आणि जोडी सैल होते, तर जाडीतल्या वाढीने ती घट्ट होते. दोन परिणाम एकमेकांविरुद्ध उभे राहतात.

ते किती बरोबरीने उभे राहतील, हे दोन बेअरिंगमधल्या अंतरावर ठरते. आतल्या रिंगेच्या ज्या पृष्ठभागावर रोलर फिरतात, तो शंकूचा तुकडा असतो. तो पुढे वाढवला तर शाफ्टच्या अक्षावर कुठेतरी त्याचे टोक येते. शंकू त्याच्या टोकाभोवती कितीही मोठा केला तरी त्याचा पृष्ठभाग जागा सोडत नाही. तो स्वतःवरच पसरतो. आता ओ मांडणीतल्या दोन शंकूंची टोके बरोबर एकाच बिंदूवर आली, तर तापलेला शाफ्ट त्या बिंदूभोवती सगळ्या दिशांनी सारखा वाढतो, दोन्ही शंकू आपापल्या पृष्ठभागावर तसेच राहतात आणि प्रीलोड बदलतच नाही. शाफ्ट हाउसिंगपेक्षा वीस अंशांनी गरम असो की तीस, हिशेब तोच. बेअरिंग्ज याहून दूर ठेवली, टोके मिळण्याआधीच थांबली, तर लांबीची वाढ जिंकते आणि तापल्यावर जोडी सैल होते. फार जवळ ठेवली, टोके एकमेकांना ओलांडून गेली, तर जाडीची वाढ जिंकते आणि जोडी आवळते. एक अंतर अचूक निवडले, की उष्णतेचा एक परिणाम दुसऱ्यानेच खोडला जातो. यासाठी जादा सुटा भाग लागत नाही, स्प्रिंग लागत नाही, खर्चही नाही. जागेच्या किंवा गिअरच्या अडचणीने हे अंतर नेहमी जमत नाही, हे खरे; पण जिथे जमते तिथे ते न साधणे मला डिझाइनमधला आळस वाटतो.

अतिवेगवान ग्राइंडिंग स्पिंडलमध्ये अनेकदा स्प्रिंगांचा मार्ग घेतात. एका बाजूची बेअरिंग्ज सरकत्या बुशमध्ये बसवून त्यामागे स्प्रिंगा ठेवल्या, की शाफ्ट वाढो की आखडो, दाब जवळपास तेवढाच राहतो. ताठपणा मात्र थोडा जातो, म्हणून जड कापणीच्या स्पिंडलला हा मार्ग मानवत नाही. तिथे थंड तेलाचे किंवा पाण्याचे जॅकेट बाहेरून फिरवतात. त्यातही एक फसगत आहे. जॅकेट बाहेरची रिंग थंड ठेवते, पण आतली रिंग गरमच राहते, म्हणजे दोघींतला फरक उलट वाढतो. जॅकेटमधला द्रव जितका थंड तितका चांगला, हा समज त्यामुळे चुकीचा. हवा आहे तो स्थिर आणि बेताचा थंडपणा.

आतापर्यंत सगळे पोलाद किंवा बीड होते, आणि त्यांची वाढ जवळपास सारखी. ॲल्युमिनियम आले की गणित बदलते. ते एका अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते, पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. आज मोटारींचे गिअरबॉक्स वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांत पोलादी बेअरिंग बसते. ६२ मिलिमीटरच्या रिंगेभोवतीचे ॲल्युमिनियम ६० अंशांनी तापले, तर भोक रिंगेपेक्षा सुमारे ४० मायक्रॉन जास्त मोठे होते. थंड असताना हातोड्याने बसवावी लागलेली रिंग गरम झाल्यावर सैल पडते आणि हाउसिंगमध्ये फिरू लागते. सुरुवातीलाच ४० मायक्रॉन जास्त टाइट बसवावे म्हटले, तर थंड असताना रिंग आवळून क्लिअरन्स नाहीसा होतो आणि ॲल्युमिनियमवर ताण येतो.

बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियममध्ये पोलादी किंवा बिडाची बुश ओतकामातच बसवून घेतात. पण जपानच्या एनटीएन कंपनीचे प्रसरणाची भरपाई करणारे बेअरिंग याहून चतुर आहे. त्याच्या बाहेरच्या रिंगेवर दोन खाचा पाडून त्यांत प्लास्टिक भरलेले असते. प्लास्टिक ॲल्युमिनियमपेक्षाही कितीतरी जास्त वाढते. खाचेच्या तळाने आणि भिंतींनी ते तीन बाजूंनी अडवलेले, म्हणून त्याची बहुतेक सगळी वाढ बाहेरच्या दिशेनेच उफाळते आणि ॲल्युमिनियमने सोडलेली फट भरून काढते. टेपर बेअरिंगच्या जोडीत हाच विचार लांबीच्या दिशेने करतात. दोन बेअरिंग २०० मिलिमीटरवर असतील आणि सगळा गिअरबॉक्स ६० अंशांनी तापला, तर ॲल्युमिनियमचे कवच पोलादी शाफ्टपेक्षा सुमारे १३० मायक्रॉन जास्त लांब होते आणि प्रीलोड गायब. यावर रिंगेमागच्या बंदिस्त खोबणीत उष्णतेने खूप फुगणाऱ्या, रबरासारख्या पदार्थाची कडी ठेवता येते. गिअरबॉक्स तापला की ती फुगते आणि रिंगेला पुढे ढकलून गेलेला दाब परत आणते.

जास्त वाढणाऱ्या पदार्थाकडून कमी वाढणाऱ्याची भरपाई करून घेण्याची ही युक्ती तीनशे वर्षांची आहे. इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा सुतार जॉन हॅरिसन याने १७२० च्या दशकात पितळ आणि पोलादाच्या सळ्या आलटून पालटून जोडून घड्याळाचा असा लंबक केला, की पोलादाची खाली होणारी वाढ पितळाच्या वर होणाऱ्या वाढीने खोडली जाई. पुढे समुद्रावर रेखांश काढण्यासाठी त्याने जी घड्याळे बनवली, त्यांतल्या तिसऱ्या घड्याळावर तो १७४० पासून एकोणीस वर्षे खपला. ते घड्याळ समुद्रावरच्या चाचणीत उतरले नाही, पण त्याच्या पोटात दोन शोध होते. एक म्हणजे पितळ आणि पोलाद एकत्र ठोकून केलेली, तापल्यावर वाकणारी पट्टी. आज इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये तीच असते. दुसरा म्हणजे केजमध्ये बसवलेले रोलर बेअरिंग. उष्णतेची भरपाई आणि केजचे बेअरिंग या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच यंत्रासाठी शोधल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. घर्षण आणि तापमान यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे त्याला कामातून कळले होते.

वाढच कमी असलेला पदार्थ घेणे हा आणखी एक मार्ग. शार्ल एदुआर गियोमने १८९६ मध्ये शोधलेला इन्व्हार हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू पोलादाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच वाढतो. या शोधासाठी गियोमला १९२० चे नोबेल मिळाले. पण तो मऊ, म्हणून बॉल-रिंगांच्या कामाचा नाही. बेअरिंगमध्ये ती जागा सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकने घेतली. त्याचे बॉल पोलादाच्या चौथ्या हिश्श्याइतकेच फुगतात आणि वजनही निम्म्याहून कमी. वेगात ते बाहेर कमी फेकले जातात, कमी तापतात आणि तापले तरी कमी वाढतात. १९९५ मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलच्या इंजिनात नवा ऑक्सिडायझर टर्बोपंप आला, तेव्हा त्याच्या बेअरिंगमध्ये असेच बॉल होते.

अख्खे बेअरिंगच सिरॅमिकचे करायचे म्हटले, तर मात्र जपून. सिरॅमिकची आतली रिंग पोलादी शाफ्टवर टाइट बसवली आणि शाफ्ट तापला, की शाफ्ट फुगतो, रिंग फुगत नाही. आणि ताण सोसण्यात सिरॅमिक कमकुवत असल्याने ती दुभंगते. म्हणून मध्ये नालीदार स्प्रिंग-पट्टी घालून रिंग शाफ्टवर लवचीकपणे धरावी लागते. उणे २५३ अंशांच्या द्रव हायड्रोजनच्या पंपात तर सगळेच उलटे होते. उष्णतेत सैल पडणारे ॲल्युमिनियमचे हाउसिंग तिथे पोलादापेक्षा जास्त आखडते, बाहेरच्या रिंगेला करकचून आवळते आणि खोलीतल्या तापमानाला ठेवलेला क्लिअरन्स गिळून टाकते. ज्या तापमानाला यंत्र चालणार, त्या तापमानाचे माप धरून सगळी फिटिंग्ज मागे मोजत आणावी लागतात.

आपल्याकडच्या दुकानांत गरम जागेसाठी सरसकट सी-३ क्लिअरन्सचे बेअरिंग मागायची सवय झाली आहे. सी-३ म्हणजे जास्त प्ले, ६२०६ मध्ये १३ ते २८ मायक्रॉन. आतली रिंग खरोखर जास्त तापत असेल, तर ही निवड योग्य. पण शाफ्टच्या लांबीतली वाढ दोन फिक्स कव्हरांमध्ये अडकली असेल, तर हे वाढलेले आठ मायक्रॉन शेकडो मायक्रॉनच्या रेट्यापुढे काही करू शकत नाहीत. बेअरिंग महिन्याऐवजी दोन महिन्यांनी जाईल इतकेच.

नेमके काय घडले, हे जाणून घ्यायला गेलेले बेअरिंग फेकून देण्याआधी कापून उघडावे. बॉल ज्या वाटेने धावले तिचा चकाकणारा पट्टा रिंगांवर उमटलेला असतो. शाफ्ट फिरता आणि भार एकाच दिशेचा असेल, तर निरोगी बेअरिंगमध्ये आतल्या रिंगेवर तो पूर्ण गोल आणि बाहेरच्या रिंगेवर फक्त भाराच्या बाजूला, खोबणीच्या तळाशी दिसतो. बाहेरच्या रिंगेवरही तो तळाशीच पण सबंध गोल फिरलेला असेल, तर क्लिअरन्स संपला होता. फिट फार टाइट होते किंवा आतली रिंग फार तापली होती. तो खोबणीच्या तळापासून सरकून कडेवर चढला असेल, तर शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे बेअरिंगही उघडावे. दोन्ही बाहेरच्या रिंगांवर पट्टा आपापल्या बाहेरच्या कडेकडे सरकलेला दिसला, तर शाफ्ट तापून दोन्हीकडे रेटत होता आणि त्याला कुठेच वाट नव्हती. अशा वेळी नव्या बेअरिंगची ऑर्डर देण्याआधी फ्री बाजूचे कव्हर मोजावे, हाउसिंगचे भोक पुसून त्यात रिंग हाताने सरकते का ते पाहावे आणि तिच्यामागे हिशेबाने येणारी फट ठेवूनच ते बंद करावे.